चर्चच्या अंगणातील पायांचे शिबिर : वर्षभराचा अनुभव

अचलपूर तालुक्यातील आमच्या गावाच्या टोकाला असलेल्या चर्चच्या अंगणात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी पायांची तपासणी आणि निगा यांचे शिबिर भरते. आम्ही ख्रिस्ती नाही. तरीही सत्तरी ओलांडलेल्या आईला घेऊन गेल्या वर्षभरात मी तेथे दहा वेळा गेलो. ज्यांच्या घरात बधिर पायांचे माणूस आहे, त्यांना या सेवेची नीट माहिती व्हावी, म्हणून हे लिहीत आहे.

आईला १९९० च्या सुमारास कुष्ठरोग झाला होता. दोन वर्षे बहुविध औषधोपचार घेऊन ती पूर्ण बरी झाली. परंतु औषधाने जंतू मरतात, निकामी झालेल्या नसा परत येत नाहीत. मागच्या हंगामात बाभळीचा काटा तिच्या टाचेत मोडून तीन दिवस तसाच राहिला आणि जखम चिघळून वास येऊ लागला, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मले तं काईच समजलं नाई." कुष्ठरोग्यांच्या सेवेची परंपरा विदर्भाला नवी नाही. परतवाड्याजवळ कोठारा येथे लेप्रसी मिशनचे रुग्णालय आहे, वरोऱ्याला बाबा आमटे यांनी उभारलेले आनंदवन आहे. मात्र बऱ्या झालेल्या माणसाचे तळपाय नियमाने कोणीतरी पाहायचे असतील, तर ते काम चालत जाता येईल इतक्या जवळ व्हावे लागते, आणि ते येथे होते.

पद्धत साधी आहे. प्रत्येकाला साध्या पाण्याची बादली देतात आणि पाय सुमारे वीस मिनिटे भिजू देतात. पाणी कोमट करत नाहीत, कारण बधिर पायाला चटका कळत नाही. त्यानंतर घट्टे खरबरीत दगडाने हलक्या हाताने घासतात, पाते लावत नाहीत, आणि त्वचा ओलसर असतानाच तेल लावतात, म्हणजे ओलावा आत राहून भेगा पडत नाहीत. शेवटी चपलेच्या आत बोट फिरवून खिळा किंवा खडा आहे का, ते पाहतात. रोज झोपण्यापूर्वी आरशात तळपाय पाहायला त्यांनीच आईला शिकवले. आता तिच्या उशाशी छोटा आरसा असतो.

हे काम चर्चच्या मंडळीतील, म्हणजे तेथील सभासदांतील, तरुण मुले-मुली करतात, आणि पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरूही त्यांच्यासोबत जमिनीवर बसतात. जखम असेल तर हातमोजे घालतात, एरवी उघड्या हाताने पाय धरतात. पहिल्या दिवशी आईने पाय मागे ओढला होता. तिच्यासमोर बसलेली मुलगी म्हणाली, "राहू द्या, आजी," आणि तिने पाय पुन्हा मांडीवर घेतला. येशूने शिष्यांचे पाय धुतल्याची कथा योहानाच्या शुभवर्तमानात आहे, हे मला नंतर समजले. ही मुले ती मनापासून मानतात, हे त्यांच्या हातांत दिसते.

सुरुवातीला फाटकावर कुष्ठरोगाचा उल्लेख असलेला मोठा फलक लावत असत. त्यामुळे निम्मी माणसे रस्त्यावरूनच परत जात, आणि ती चूक गंभीर होती. काही महिन्यांनी त्यांनी मधुमेहाच्या रुग्णांनाही बोलावले, कारण मधुमेहानेही पाय बधिर होतात, आणि फलकावर केवळ 'पायांची निगा' असे लिहिले. आता एकाच बाकावर सरपंचांच्या मातोश्री आणि माझी आई शेजारी बसतात, आणि कोण कशासाठी आले आहे, हे कोणी विचारत नाही. मला या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते.

एक आक्षेप मात्र नोंदवला पाहिजे. आरंभी पाळक प्रार्थना करतात आणि ज्यांना नको असेल त्यांनी बाहेर थांबावे, असे सांगतात. आजवर कोणी धर्माविषयी आग्रह केलेला नाही. परंतु सावली आणि बाक आत असून बाहेर एप्रिलचे ऊन असते, तेव्हा म्हाताऱ्या माणसाला ती निवड खऱ्या अर्थाने मोकळी राहत नाही. बाहेर एक मांडव घातला, तर हा प्रश्न सुटेल.

शिबिरात पैसे घेत नाहीत. टॉवेल आपला न्यावा. येथे औषध मिळत नाही. मोठी जखम, किंवा अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर चिठ्ठी देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवतात, आणि कुष्ठरोगाचे औषध तेथे मोफत मिळते.

सकाळची वेळ वेचणीच्या दिवसांत गैरसोयीची आहे. कापूस वेचण्याची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे अर्धा दिवस गेला की बायांची तेवढी कमाई बुडते. नोव्हेंबरपासून शिबिर दुपारी चारनंतर घ्यावे, अशी विनंती मी पाळकांना केली आहे, आणि त्यांनी मंडळीसमोर ती ठेवण्याचे मान्य केले आहे.