अक्वायनस वाचू की पास्कल?

ख्रिस्ती श्रद्धेत बुद्धीला जागा किती, हे समजायला आधी कोणाला वाचू असं मैत्रिणीने विचारलं. मेहनतीच्या हिशोबाने थॉमस अक्वायनस (तेराव्या शतकातला ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ) जड, ग्रीक तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटल थोडातरी माहीत हवा, पण तो प्रत्येक प्रश्नाला आधी समोरच्याचे आक्षेप मांडतो आणि मगच उत्तर देतो, हे मला फार भावतं. देव आहे हे तर्काने कळतं, त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) मात्र प्रकटीकरणानेच, म्हणजे देवाने स्वतः उघड केलं म्हणूनच, इतकं स्पष्ट. सतराव्या शतकातला फ्रेंच विचारवंत पास्कल स्वतः गणितज्ञ, तरी त्याच्यासाठी देव हृदयाला जाणवतो. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्रीचा अनुभव लिहून त्याने कोटात शिवून ठेवलेला, मेल्यावर सापडला. वाचायला सोपा, तुकड्यातुकड्यांत. वादात मात्र कमी पडतो. युक्तिवाद तपासायचेत तर अक्वायनस, डोक्याला पटलंय पण मन अडलंय तर पास्कलच घ्या.