व्हाइटचॅपलच्या खटल्यासाठी आरोपी निवडताना

परभणीतल्या लॉ कॉलेजच्या पोरांनी यंदा मूट कोर्टसाठी, म्हणजे सरावाच्या लुटुपुटीच्या खटल्यासाठी, 1888 चं लंडन घेतलंय : तिथल्या व्हाइटचॅपल भागात बायकांचे खून करणाऱ्या, कधीच न सापडलेल्या ‘जॅक द रिपर’चं प्रकरण. 1972 ते 74 मधलं मानवतच्या खुनांचं प्रकरण हाताशी होतं, पण त्यात खटला उभा राहिला, निकालही लागला. यांना निकाल न लागलेलं हवं होतं. आता गाडी एकाच ठिकाणी अडलीय : पिंजऱ्यात कोणाला उभं करायचं? तेव्हाच्या पोलिसांच्या संशयितांपैकी ड्रुइट, कोस्मिन्स्की की जॉर्ज चॅपमन?

माझं ऐकाल तर आधी साक्षीदार पारखा, आरोपी मग ठरवू.

सगळ्यात भुरळ पाडणारा साक्षीदार म्हणजे हचिन्सन. मेरी केलीचा खून 9 नोव्हेंबरचा. हा पोलिसांकडे आला 12 ला संध्याकाळी, कॉरोनरची, म्हणजे मृत्यूचं कारण शोधणाऱ्या अधिकाऱ्याची, चौकशी आटोपल्यावर. रात्री दोनच्या सुमारास केलीबरोबर पाहिलेल्या माणसाच्या कोटाची अस्त्रखान कॉलर, टायवरची घोड्याच्या नालेची पिन, सोन्याची साखळी, लाल खड्याचा शिक्का, एवढंच काय, पापण्यांचा रंगसुद्धा त्यानं सांगितला. सरकार पक्षाच्या पोरांना वाटतं, घबाड सापडलं. मी म्हणतो, मोंढ्यातल्या गल्लीत रात्री दोनला एकाच दिव्याखाली कोणाला तरी उभं करा आणि शर्टाची बटणं किती ते सांगा. त्यात आणखी एक गोम आहे. त्या रात्री केलीच्या बोळासमोर कोणीतरी ताटकळत उभं होतं, असं सारा लुईसनं त्याच दिवशी चौकशीत सांगितलं होतं. हचिन्सन स्वतःच्या तिथं असण्याचा खुलासा करायला तर आला नव्हता ना, हा उलटतपासणीतला पहिला प्रश्न. इन्स्पेक्टर ॲबरलाइनचा मात्र त्याच्यावर विश्वास बसला होता.

त्याच्यासमोर लॉवेंड अगदी फिका वाटतो. सिगारेटी विकणारा माणूस, दोन सोबत्यांबरोबर क्लबातून बाहेर पडला. 30 सप्टेंबरच्या पहाटे 1:35 च्या सुमारास मायटर स्क्वेअरच्या बोळाच्या तोंडाशी त्यानं एक जोडी पाहिली. बाई पाठमोरी होती. नंतर खून झालेल्या कॅथरीन एडोजचे कपडे ओळखून त्यानं तीच बाई असावी असं सांगितलं. पुरुष तिशीचा, फिकट मिशी, टोपी, गळ्यात लालसर रुमाल. परत दिसला तर ओळखता येणार नाही, हेही त्यानं सांगून टाकलं. मला हा साक्षीदार आवडतो तो याचसाठी. शिवाय एडोजचं प्रेत सापडलं 1:45 ला. ‘शेवटचं एकत्र पाहिलं’ या आपल्याकडच्या युक्तिवादाला एवढं कमी अंतर क्वचितच मिळतं.

श्वार्ट्झ या दोघांच्या मधला. त्याच रात्री 12:45 ला बर्नर स्ट्रीटवर, म्हणजे त्या रात्रीच्या दुसऱ्या खुनाच्या जागी, एका माणसाला एका बाईला खाली पाडताना त्यानं पाहिलं. इंग्रजी येत नव्हतं, जबाब दुभाष्यामार्फत. पोलिसांच्या नोंदीत रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या माणसाच्या हातात चिलीम आहे, वर्तमानपत्रात तिचा सुरा झाला. आपल्याकडे तांड्यावरचा बंजारा साक्षीदार गोरमाटीत बोलतो आणि कागदावर मराठी उतरतं. असली फारकत तिथं बसून ऐकलेल्याला लगेच कळेल. आधी खून झालेल्या ॲनी चॅपमनला (हिचा जॉर्ज चॅपमनशी संबंध नाही) एका माणसाबरोबर पाहिलेल्या मिसेस लाँगना मी बोलावणार नाही. त्यांची वेळ साडेपाचची आणि डॉक्टरांच्या अंदाजानं मृत्यू साडेचारच्या आधीच झालेला. शिवाय त्यांनी माणसाचा चेहरा पाहिलाच नव्हता.

आता आरोपी. ड्रुइट आणि कोस्मिन्स्की ही नावं मॅकनॉटन या पोलीस अधिकाऱ्याच्या 1894 च्या टिपणातली, आणि मॅकनॉटन पोलिसात आला 1889 ला, म्हणजे खून होऊन गेल्यावर. ड्रुइट 41 वर्षांचा डॉक्टर, असं तो लिहितो; होता 31 वर्षांचा बॅरिस्टर आणि शाळामास्तर. त्याचं प्रेत 31 डिसेंबर 1888 ला थेम्समध्ये सापडलं आणि त्यानंतर खून थांबले, यापलीकडे त्याच्याविरुद्ध फारसं काही नाही. त्याच टिपणातला तिसरा, ऑस्ट्रॉग, त्या वेळी फ्रान्सच्या तुरुंगात निघाला. टिपणाची किंमत यावरून ठरवा.

जॉर्ज चॅपमनवर ॲबरलाइनचा संशय होता. त्यानं तीन बायकांना विष घालून मारलं आणि 1903 ला तो फासावर गेला. पण सुरा सोडून विषाकडे वळणारा खुनी पटवून देताना सरकारी वकिलाच्या नाकी नऊ येतील. दुसऱ्या गुन्ह्यावरून या गुन्ह्याचा अंदाज बांधू नका, असं न्यायाधीश पहिल्याच पाच मिनिटांत बजावतील.

राहता राहिला कोस्मिन्स्की. ‘खुन्याला नीट पाहिलेल्या एकमेव साक्षीदारानं त्याला ओळखलं, पण आपल्याच धर्माचा म्हणून साक्ष द्यायला नकार दिला’, असं तेव्हाचा बडा पोलीस अधिकारी अँडरसननं 1910 ला छापलं. साक्षीदाराचं नाव नाही. त्याच्या हाताखालच्या स्वॉन्सननं अँडरसनच्या पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं आरोपीचं नाव कोस्मिन्स्की असं लिहिलं, आणि तो लवकरच वारला असंही. प्रत्यक्षात ॲरन कोस्मिन्स्की 1919 पर्यंत जिवंत होता. तो साक्षीदार लॉवेंड असेल, तर ओळखणार नाही म्हणणारा नंतर ओळखतो कसा? एडोजच्या प्रेताजवळची म्हणून सांगितलेल्या शालीवरच्या डीएनएचा गाजावाजा झाला, पण ती शाल खरोखर त्या जागेवरची होती हेच सिद्ध झालेलं नाही.

तरीही मी कोस्मिन्स्कीच घेईन. ओळख परेडवर वाद घालायला बाकी दोघांत जागाच नाही. सरकार पक्षानं लॉवेंड आणि श्वार्ट्झ यांवरच भिस्त ठेवावी, हचिन्सनला बचाव पक्षासाठी सोडावं. दुभाष्याचं काम मात्र बंजारा समाजातल्या एखाद्या पोराला द्या, त्याला तो खेळ माहीत असेल.