सोलर बर्फयंत्र घेताय? ‘एक टन’ म्हणजे कशाचा टन, ते आधी विचारा

हर्णै बंदरावर लिलावात मासळी घ्यायची आणि दापोली-खेडला पाठवायची, हा आमचा धंदा. तो सगळा बर्फावर चालतो. एप्रिल-मेमध्ये लादीसाठी मारामार होते, आणि बर्फ संपला की दुपारपर्यंत बांगड्याचं पोट फुटायला लागतं. त्यामुळे ‘उन्हावर फुकट बर्फ’ म्हणत तो विक्रेता आला, तेव्हा आम्ही दोघांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं.

सकाळी नऊला त्याने आपल्या शेडमध्ये यंत्र दाखवलं. झाकण उघडलं तर आत लाद्या तयार. बायकोने हात लावला, तर बोट चिकटलं. “एक टनाचं मशीन आहे वहिनी, दिवसाला टनभर बर्फ,” तो म्हणाला. साडेचार लाखांतले तीन लाख आम्ही तिथेच आगाऊ दिले. सकाळी नऊपर्यंत त्या लाद्या कोणत्या उन्हावर गोठल्या, हे तेव्हा सुचलंच नाही. रात्रभर यंत्र लाईटवर चालवलेलं असणार, दुसरं काय!

घरी बसवल्यावर कडक उन्हाच्या दिवशी पंचावन्न किलो बर्फ निघाला. ढग आले की त्याच्या निम्माही नाही. फोन केला की उत्तर ठरलेलं, “पॅनेल पुसा.”

मग एसी दुरुस्त करणाऱ्या भाच्याने कागदावर हिशेब मांडला. तोच इथे देतो, कारण हा हिशेब आधी कळला असता तर आमचे पैसे वाचले असते. आमच्या यंत्रावरचा टन बर्फाच्या वजनाचा नव्हता, तो थंडाव्याचा होता: तासाला 3,024 किलोकॅलरी उष्णता काढायची ताकद. 30 अंशांचं एक किलो पाणी शून्यावर आणायला 30 आणि गोठवायला आणखी 80, म्हणजे 110 किलोकॅलरी लागतात. तासाला जेमतेम 27 किलो झाले. पुरेसं ऊन मिळतं पाचेक तास, म्हणजे 135 किलो. तेही कागदावरच. एसीच्या मापाने एक टन असलेला कॉम्प्रेसर शून्याखाली दहा-पंधरा अंशांवर चालवला की त्याची ताकद निम्म्यावर येते. मग उरतात साठ-सत्तर किलो, आणि पेटीतून बाहेरची उष्णता आत शिरते ती वेगळीच.

सोलरवर बर्फ होतो, ते खोटं नाही. पण घेणाऱ्याने तराजू घेऊन जावं. सकाळी पेटी रिकामी करून, साधं पाणी भरून, लाईटची वायर आपल्या डोळ्यांदेखत काढायला लावावी आणि संध्याकाळी बर्फ वजन करून बघावा. दिवसाला किती किलो, ते बिलावर लिहून घ्यावं. नाही म्हणाला तर उठून यावं.

आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. खरेदी धंद्यासाठी असली तरी स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून करत असाल तर दाद मागता येते, दोन वर्षांच्या आत. आमची अडचण बिलाची आहे. त्यावर ‘सोलर आइस मशीन, 1 टन’ एवढंच लिहिलंय.