‘मनाला विचारा’ असं प्लॉटवाला म्हणाला तेव्हा

वर्धा रोड घ्या, हिंगणा घ्या, नाहीतर उमरेड रोड. नागपूर शहराबाहेर पडलं की पताका लावलेले प्लॉटचे ले-आउट सुरू होतात. आधी सगळे विक्रेते मिहानचं, म्हणजे विमानतळाजवळच्या मोठ्या प्रकल्पाचं, नाव घ्यायचे, डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर त्याचंही घेऊ लागले. अशाच एका ले-आउटमध्ये आमच्या घरचे दोन लाख अडकले आहेत. प्लॉटच्या फसवणुकीचे किस्से नागपुरात घरोघरी ऐकायला मिळतात, पण आम्हाला प्लॉट विकणाऱ्या माणसाची तऱ्हा जरा वेगळी होती, म्हणून लिहितोय.

तो घाई करत नव्हता. ‘शेवटचे दोनच प्लॉट उरले’ हेही त्याच्या तोंडून कधी आलं नाही. त्याचं पालुपद एकच होतं : “कागद कोनीबी बनवते भाऊ. मन खोटं बोलत नाही.” साइट दाखवण्याआधी तो गिऱ्हाइकाला टेकडीच्या गणपतीला नेतो. “दोन मिनिटं डोळे मिटा, मनाला विचारा. नाही म्हनलं तर चहा पिऊ अन् आपापल्या घरी जाऊ.” असं बोलणाऱ्याला लबाड कोण म्हणेल?

मी डोळे मिटले. आतून शांत वाटलं. आता विचार केला तर न वाटायला काय झालं होतं? सकाळची गार हवा, घंटेचा आवाज, आणि पोटात त्यानंच खाऊ घातलेले तर्री-पोहे. तिथं डोळे मिटणाऱ्या कुणालाही बरंच वाटलं असतं, मग प्लॉट असो वा नसो.

साइटवर आई सोबत होती. चुना मारलेले दगड रोवलेले होते, नकाशात बगीचाही होता. पण दगडांच्या पलीकडे, नकाशात आमच्याच ले-आउटच्या हद्दीत, पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उभी होती आणि बोंडं फुटलेली होती. आई शेतकऱ्याच्या घरची. तिनं विचारलं, “प्लॉट पाडले म्हनता, मंग वेचनी कोन करून राहिलं?” तो हसला. “ठोक्यानं देल्लं आहे काकू, जागा रिकामी कायले ठेवाची.” म्हणजे शेत दुसऱ्याला कसायला दिलंय. उत्तर बरोबरच वाटलं. पण धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, एक माणूस आमच्याकडे यायला निघाला, तसं यानं आम्हाला गाडीत बसवलं. परतताना आई एवढंच म्हणाली, “मले बरोबर नाही वाटून राहिलं.” का, ते तिला सांगता येईना. आणि का ते सांगता येत नाही म्हटल्यावर घरात तिचं म्हणणं मागे पडलं.

पुढचं थोडक्यात. 500 रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी केलेली इसारचिठ्ठी झाली. निम्मे पैसे चेकनं, निम्मे रोख. रजिस्ट्री जमीन एनए (बिगरशेती) झाल्यावर, म्हणजे कधीच नाही. त्यानं दिलेली सातबाऱ्याची झेरॉक्स जुनी होती. महाभूमी या सरकारी वेबसाइटवरून 15 रुपयांत डिजिटल सातबारा काढला, तेव्हा त्यावर चार भावंडांची नावं निघाली आणि जमीन भोगवटादार वर्ग-2, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी. आमच्या माणसाचं नाव कुठंच नाही. त्याच्याकडे होतं ते एका भावाचं कुलमुखत्यारपत्र. आमच्याच नंबरच्या प्लॉटची इसारचिठ्ठी घेऊन आणखी एक गृहस्थ भेटले. त्यांनीही टेकडीवर डोळे मिटले होते.

मनाचा कौल घेऊ नका, असं मी म्हणणार नाही. आमच्या घरात खरं काय ते आईच्या मनानंच आधी ओळखलं होतं. पण त्या दिवशी कौल दोन होते. एक मागून घेतलेला, देवळात, ज्याला पैसे हवेत त्याच्याच सांगण्यावरून. दुसरा न मागता आलेला, उघड्या डोळ्यांनी शेत बघताना, तेही जन्मभर शेत बघितलेल्या बाईला. शहरातल्या महाल भागात वाढलेल्या माझ्या मनाला पऱ्हाटीतलं काय कळणार होतं! तेव्हा कुणाच्या मनाला विचारायचं, तेही बघावं लागतं. अशी शंका कुणाला आली की तिचं कारण मागत बसू नका, सरळ सातबारा काढा. शंका खोटी ठरली तर 15 रुपये गेले.

तसंच महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी नंबर मागा. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे असतील तर नोंदणी लागते, त्याआधी जाहिरातसुद्धा करता येत नाही. नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. नंबर मागितल्यावर समोरचा ‘आपल्यावर भरोसा नाही का?’ म्हणून रुसला, तर रुसू द्या. खऱ्या विक्रेत्याला नंबर सांगायला रुसावं लागत नाही.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे. चेकची रक्कम बँकेच्या कागदावर दिसते. रोख दिल्याचा पुरावा म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचा त्याचा ‘मिळाले भाऊ’ एवढा मेसेज. तुम्ही कुठं इसार देऊन बसला असाल, तर त्याच्याशी भांडायच्या आधी असे सगळे मेसेज, ऑडिओ आणि साइटवरचे फोटो दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा. आमच्या माणसानं आवाज चढल्याबरोबर नंबर बदलला.