वर्गणी आणि देणगीची पावतीपुस्तकं छापायची असतील तर हा छापखाना

साताऱ्यात राजवाड्याजवळ बोळात असलेला हा छापखाना लोकांना लग्नपत्रिकांसाठी माहीत आहे. मी लिहितेय ते इथल्या पावतीपुस्तकांबद्दल, कारण त्याबद्दल कुणी काही लिहिलेलं दिसलं नाही.

एका राज्यभर काम करणाऱ्या संस्थेच्या सातारा शाखेची मी कोषाध्यक्ष. शनिवारी आमचे कार्यकर्ते जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये गोष्टी सांगायला जातात, पुस्तकांची पेटी एका शाळेतून दुसरीकडे फिरते. पगारी माणूस एकही नाही. गाडीभाडं, नवी पुस्तकं, पेटीची डागडुजी हे सगळं सभासदांच्या वर्गणीतून आणि गावातल्या देणग्यांतून भागवायचं. याच जिल्ह्यात कर्मवीर भाऊरावांनी मुष्टिफंडातून, घरोघरच्या मूठमूठ धान्यातून, वसतिगृहातली मुलं जेवू घातली. थोडंथोडं पण पुष्कळ घरांतून, याच पद्धतीवर माझा विश्वास आहे. आणि ती पाळायची तर प्रत्येक घराची नोंद नीट हवी.

छापखाना चालवणाऱ्या काकांनी आमचा मजकूर वाचला आणि छपाईचा दर सांगण्याआधी विचारलं, "बाई, गेल्या वर्षीचे किती सभासद यंदा परत आले?" छापखान्यात हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. त्यांचं म्हणणं असं की नवा सभासद उत्साहाच्या भरात होतो, पण दुसऱ्या वर्षी त्याच्याकडे कुणी जातच नाही, म्हणून तो गळतो. ते स्वतः वर्षानुवर्षं मंडळांची आणि वाचनालयांची पुस्तकं छापतात, त्यामुळे त्यांनी हे जवळून पाहिलंय.

मग त्यांनी स्थळप्रतीवर, म्हणजे पावती फाडून दिल्यावर आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर, जागा काढून दिली: फोन, वर्गणीची मुदत कुठपर्यंत, आणि 'हस्ते'. ही 'हस्ते'ची ओळ मूळ पावतीवर सगळेच छापतात. स्थळप्रतीवर मात्र ती बहुधा गाळली जाते, आणि शाखेला गरज तिथेच असते. आता मुदत संपत आली की मी स्थळप्रती चाळते आणि ज्याच्या हस्ते सभासद झाला त्याच कार्यकर्त्याला त्या घरी पाठवते. ओळखीचं माणूस दारात आलं की लोक चहा विचारतात, शाळांची चौकशी करतात आणि वर्गणी देतात. शेजारच्या घराचं नावही सुचवतात. आमची सभासदसंख्या वाढली ती अशी. त्यासाठी वेगळी मोहीम काढावी लागली नाही.

वर्गणीचं पुस्तक पांढरं आणि देणगीचं पिवळं, हीसुद्धा त्यांचीच सूचना. वर्गणी म्हणजे देणगी नव्हे, तिच्यावर ८० जीची, म्हणजे देणगीवर मिळणारी आयकरातली सवलत मागता येत नाही. त्यामुळे दोन्ही वेगळ्या असल्या की हिशेब तपासनीसांचं काम सोपं होतं. पिवळ्या पावतीवर देणगीदाराचा पत्ता आणि पॅन यांना पुरेशी मोठी जागा आहे. रोख, धनादेश, यूपीआय असे चौकोन आहेत, कारण २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला करसवलत मिळत नाही आणि हे पैसे घेतानाच सांगितलेलं बरं. 'कायम निधीसाठी' असा एक चौकोन असून त्यापुढे देणगीदाराच्या सहीची जागा आहे. निधी कायम ठेवायचा तर देणाऱ्याने तसं स्पष्ट सांगितलेलं असावं लागतं. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला संस्थेच्या खात्याचा क्यूआर छापलाय. दुसऱ्या कुणाच्या फोनवर पैसे जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

काम चोख आहे. कार्बनलेस कागदावर खालची प्रत स्वच्छ उमटते, पावती फाडताना कोपरा तुटत नाही, आणि नंबर एका पुस्तकातून दुसऱ्यात सलग जातात. हे शेवटचं फार महत्त्वाचं. कुठलं पुस्तक कुणाकडे आहे आणि कोऱ्या पावत्या किती परत आल्या याचा मेळ त्यावरच बसतो.

दर इतरांपेक्षा थोडा जास्त आहे आणि निम्मी रक्कम आगाऊ द्यावी लागते. मला ते पटतं. प्रूफ मात्र व्हॉट्सॲपवर पाठवत नाहीत, दुकानात जाऊन वाचून सही करावी लागते. कोरेगाव किंवा वाईहून येणाऱ्या कार्यकर्त्याला हे जड जातं. त्यांनी यात बदल करावा अशी माझी मनापासून विनंती आहे. पत्ता सापडायलाही त्रास होतो, पाटी रस्त्यावरून दिसत नाही.

एप्रिलपासून नवी पुस्तकं वापरायची असतील तर फेब्रुवारीतच मजकूर द्या, कारण मार्चमध्ये लग्नपत्रिकांची गर्दी सुरू झालेली असते. गणपतीच्या आधीचे दोन महिने तर टाळाच, तेव्हा गावातल्या साऱ्या मंडळांची वर्गणीपुस्तकं इथे रांगेत असतात. जाताना नोंदणी क्रमांक, पॅन आणि ८० जीच्या आदेशाची प्रत सोबत ठेवा. काका आकडा तोंडी घेत नाहीत, कागद पाहूनच जुळवतात.