मुलुंड पूर्वेची ही जिम: ज्या बायकांना आजवर फक्त ट्रेडमिल दाखवली गेली त्यांनी नक्की जाऊन बघा

सगळ्यात आधी सांगायची गोष्ट म्हणजे इथे 15 किलोचा बार आहे, म्हणजे ज्याच्या दोन्ही टोकांना वजनाच्या प्लेट्स लावतात तो लोखंडी दांडा. बहुतेक जिममध्ये असतो तो पुरुषांचा ऑलिम्पिक बार, 20 किलो वजनाचा आणि 28 मिलिमीटर जाडीचा. बायकांचा वेगळा येतो, 15 किलो आणि 25 मिलिमीटर, लहान हाताच्या मुठीत नीट बसतो. तीन मिलिमीटरने काय फरक पडणार असं वाटेल पण डेडलिफ्ट करताना, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून उभं राहताना, पाय आणि पाठ अजून दमलेले नसतात आणि बोटंच आधी सुटायला लागतात तेव्हा बरोबर कळतं. शिवाय सव्वा किलोच्या छोट्या प्लेट्स पण ठेवल्यात, त्यामुळे दोन्ही बाजूंना एक-एक लावून एका वेळी अडीच किलोच वाढवता येतं, एकदम पाच किलोची उडी मारावी लागत नाही. जिम शोधताना मी भांडुपपासून ठाण्यापर्यंत फिरले, एके ठिकाणी या बारबद्दल विचारलं तर तिथल्या सरांनी मला एक-एक किलोच्या गुलाबी डंबेल्सचा स्टँड दाखवला, लेडीज सेक्शन इकडे आहे मॅडम म्हणून. भाजीची पिशवी याच्याहून जड असते हो, आणि ती घेऊन आपण फास्ट लोकलमध्ये उभ्याने येतो.

इथल्या मुख्य ट्रेनर एक ताई आहेत, स्वतः पॉवरलिफ्टिंग केलेल्या. मी आणि नवरा एकत्रच जॉइन झालो आणि मला सगळ्यात आवडलं ते हे की दोघांना प्रश्न अगदी सेम विचारले. गुडघे कसे आहेत, झोप किती होते, बसून काम आहे का, जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागतो का. मला "वजन किती कमी करायचंय" आणि त्याला "बॉडी बनवायचीये का" असं काही नाही. त्यानंतर मला दिलं स्क्वॉट म्हणजे खांद्यावर बार घेऊन बैठका, डेडलिफ्ट, ओव्हरहेड प्रेस म्हणजे बार डोक्यावर ढकलणं, आणि नवऱ्याला, जो दिवसभर खुर्चीत आणि मग गाडीत बसून असतो, त्याला सांगितलं की तुमची कंबर आणि मांडीचे मागचे स्नायू आखडलेत, आठवड्यातून दोनदा योगाच्या बॅचला बसायचं. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण गेला, आणि आता स्वतःहून जातो.

वजन उचललं की हात पुरुषांसारखे होतील ही भीती चेंजिंग रूममध्ये अजून ऐकू येते. ताई न वैतागता प्रत्येकीला समजावतात. बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या मानाने खूपच कमी असतं त्यामुळे तसे स्नायू सहजासहजी फुगत नाहीत, स्टेजवर दिसतात तसे व्हायला वर्षानुवर्षं ठरवून खावं आणि उचलावं लागतं. आणि खरी काळजी करायची ती हाडांची, पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाडांची घनता झपाट्याने उतरते, तेव्हा हाडांवर भार पडेल असा व्यायाम सर्वात जास्त गरजेचा, आणि नेमका तोच बायकांना कुणी सांगत नाही! जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांमध्ये मोठ्या माणसांसाठी आठवड्याला निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितलाय, त्यात बाई-पुरुष असा भेद नाही.

भिंतीवर दोन फोटो आहेत, खाशाबा जाधव, 1952 हेलसिंकी, आणि शेजारी कर्णम मल्लेश्वरी, 2000 सिडनी. दोघांचंही ब्राँझ. बायकांचं वेटलिफ्टिंग ऑलिम्पिकमध्ये आलंच मुळी 2000 साली, आणि त्याच पहिल्या वेळी मल्लेश्वरीने एकूण 240 किलो उचलून मेडल आणलं. मीराबाई चानूचं टोकियोचं सिल्व्हर तर 49 किलो वजनी गटातलं, एकूण 202 किलो. माझी भाची तो आकडा ऐकून गप्पच झाली, आता तिला पण यायचंय.

झुंबाच्या बॅचबद्दल मुद्दाम लिहितेय कारण इथे पुरुष येतात, आणि मागच्या रांगेत लपून नाही. साठी ओलांडलेले एक काका आहेत, पहिल्या रांगेत असतात, त्यांना एकदा रॅकजवळची, म्हणजे बार ठेवायच्या स्टँडजवळची, दोन पोरं हसली तर ताईंनी तिथल्या तिथे त्यांना सांगितलं की उद्या तुम्ही पण या, पाऊण तास टिकून दाखवा. आले, धापा टाकत होते. झुंबा सुरू करणारा कोलंबियाचा बेटो पेरेझ पुरुषच आहे, पिलाटेस काढणारा जोसेफ पिलाटेसही पुरुष. मग हे बायकी व्यायाम कुणी ठरवले? आपल्याकडेही दोरीचा मल्लखांब मुलींचा आणि पुरलेला मुलांचा अशी वाटणी वर्षानुवर्षं चालत आलीये.

लेडीज बॅचबद्दल माझं मत जरा मिक्स आहे. बऱ्याच जिममध्ये ती दुपारी 12 ते 4 असते, जणू नोकरी करणारी बाई जिमला येतच नाही. इथे सकाळी 6 ते 7 आहे, आठवड्यातून तीन दिवस, आणि त्या वेळात रॅक, बार सगळं बायकांसाठी मोकळं असतं, नुसती ट्रेडमिल नाही. ज्यांना पुरुषांसमोर व्यायाम करायला अवघडल्यासारखं होतं त्यांना ही वेळ हवीच, घरून परवानगीच तेवढी मिळते अशाही आहेत. पण बाकी वेळेतही कुणी टक लावून बघत नाही, फोनवर दुसऱ्याचं शूटिंग करायला सक्त मनाई आहे आणि ती खरंच पाळली जाते.

आता कमतरता. संध्याकाळी 7 नंतर रॅक फक्त दोन आणि माणसं वीस, थांबावं लागतं. बायकांची चेंजिंग रूम इतकी छोटी आहे की दोघी एकावेळी वळू शकत नाहीत, पुरुषांची दुप्पट आहे, हे बदलायलाच हवं आणि मी तसं रजिस्टरमध्ये लिहूनही आलेय. पावसाळ्यात दाराजवळची फरशी ओली राहते. आणि संध्याकाळचे एक ट्रेनर सर अजून नवीन आलेल्या बाईला सरळ सायकलवर बसवतात, तेव्हा तुम्ही स्वतः सांगा की मला बार शिकायचाय, मग शिकवतात आणि नीट शिकवतात.

फी तीन महिन्यांची एकदम घेतात, बाई-पुरुष सारखीच. एक दिवस ट्रायल फुकट असते, शक्यतो सकाळी जा म्हणजे ताई भेटतील, आणि जाड स्पंजच्या तळव्याचे रनिंग शूज नकोत, सपाट तळव्याचे घाला, स्क्वॉटला पाय स्थिर राहतात.