माडाच्या सुरेचं व्हिनेगर: पोर्क अदोबोला कसं चालतं?

फिलिपिन्सचा पोर्क अदोबो, म्हणजे व्हिनेगर आणि सोया सॉसमध्ये शिजवलेलं डुकराचं मांस, घरी करताना आंबटपणा कशाने आणायचा, हा प्रश्न गोव्यात पडायलाच नको. फिलिपिन्समध्येही बऱ्याच भागांत गोव्यासारखंच माडाच्या सुरेचंच व्हिनेगर करतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दारूच्या जुन्या बाटल्यांत भरून विकतात, विंदालू-सोरपोतेलला घालतात, तेच हे. अदोबोसाठी याहून चांगलं इथे काही मिळणार नाही. मात्र बाटली पारखून घ्यावी.

चांगलं व्हिनेगर किंचित धुरकट असतं, तळाशी थोडा गाळ दिसतो, आंबट वासामागे सुरेची झाक राहते. पाण्यासारखं नितळ आणि नुसतं नाकात झोंबणारं असेल तर ते ॲसिटिक ॲसिडमध्ये पाणी घालून केलेलं, असं खुशाल समजा. सीलबंद बाटलीवर 'सिंथेटिक' छापलंय का, ते बघा. त्याने मांस आंबट होतं, पण चव येत नाही. घरगुती मालाची उणी बाजू एकच: दोन बाटल्या सारख्या आंबट नसतात. म्हणून आधी चमचाभर चाखा. फार जहाल लागलं तर खालचं माप पाऊणावर आणा.

१ किलो पोर्क घ्या, पोटाकडचं, कातडी आणि चरबीसकट. नुसतं लाल मांस घेतलं तर ते चोथ्यासारखं होतं. दीड इंचाचे तुकडे करा. त्यांना व्हिनेगर १५० मिली, पातळ सोया सॉस ८० मिली, ठेचलेला लसूण दीड गड्डा, अख्खी मिरी १ चमचा, पाणी १ कप. आपल्याकडचा काळा, दाट सोया सॉसच हाताशी असेल तर ३ मोठे चमचे पुरे. वरून मीठ शेवटी, चाखूनच. तमालपत्र एकच घाला: तिकडे लॉरेलचं पान वापरतात, आपल्या पानाला दालचिनीचा वास असतो आणि तो लगेच वरचढ होतो.

भांडं स्टीलचं किंवा मातीचं. ॲल्युमिनियम किंवा कल्हई गेलेलं पितळ आम्लाने खराब होतं आणि रश्श्याला धातूची चव येते. सगळं एकत्र चढवून उकळी आणा आणि पहिली दहा मिनिटं झाकण ठेवू नका, ढवळूही नका. फिलिपिनी स्वयंपाकघरांत हा नियम कसोशीने पाळतात. न ढवळण्याने किती फरक पडतो यावर वाद घालता येईल, झाकणाच्या बाबतीत मात्र नाही: व्हिनेगरचा उग्रपणा वाफेबरोबर जायला वाट लागते. कुकरमध्ये फसतं ते इथेच. मांस वीस मिनिटांत मऊ होतं, पण रस्सा कच्चट आंबट राहतो.

मग झाकून मंद आचेवर पाऊण ते एक तास. सुरी सहज रुतली की तुकडे बाहेर काढा, वर तरंगणारी चरबी तव्यात घेऊन त्यातच ते कडेने तांबूस होईतो परता. तोवर रस्सा निम्मा आटवा, तुकडे परत त्यात सोडा. आटताना खारटपणा वाढतो, म्हणूनच मीठ शेवटी. सोया न घालता नुसत्या मिठाचा पांढरा अदोबोही करतात. सुरेच्या व्हिनेगरची खरी चव कळते ती त्यात.

उकड्या भाताबरोबर, शक्यतो दुसऱ्या दिवशी खा. बाटलीत वर साय धरली तर घाबरू नका. ती व्हिनेगरची आई, गाळून काढली की झालं.